लुयांदोच्या हाताचं माप

लुसुलु, मार्चमधला पहिला रविवार

चोल्वे,

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर माझा आवाज ऐकून ठेवून देतोस. म्हणून हा कागद. कागद फाडता येतो म्हणा, पण माझं अक्षर लावायला तुला इतका वेळ लागेल की फाडायचं सुचेपर्यंत अर्धं वाचून झालेलं असेल. मिशनच्या बाईंनी झाडाखाली बसवून शिकवलं तेवढंच मला येतं. चुकलं तर हस. हसलास तर बरंच होईल.

तर बातमी अशी की बंदूक आली!

तुझ्या लेकीची. लुयांदो लेखी परीक्षा पास झाली हे तुला न्कालाने सांगितलंच असेल, त्या गाडीवाल्याच्या पोटात सामान राहतं, बातमी राहत नाही. आता ऑक्टोबरात रानातली परीक्षा. ती झाली की पोर शिकाऊ राहणार नाही, पुरती शिकारी होईल, पाहुण्यांना रानरेड्याच्या मागावर स्वतः नेईल. आपल्या डोंगरापासून नदीपर्यंत अशी एकही बाई झालेली नाही. नापास झाली तर शिकारीच्या कॅम्पचे मालक तिची जागा दुसऱ्या कुणाला देणार, तसं त्यांनी तोंडावर सांगितलंय. ती म्हणते, "आजी, तू काळजी करू नकोस." मी करत नाही. मी फक्त रात्रंदिवस विचार करते.

परीक्षेला स्वतःची मोठी बंदूक लागते. हिला चारशे सोळा म्हणतात. काडतूस माझ्या मधल्या बोटाहून लांब आहे. बुलावायोहून बसने आणली, कुलपाच्या पेटीत. पेटी उघडली तसा तेलाचा वास आला आणि मला एकदम तुझ्या बाबांचा कोट आठवला. मी म्हटलं, "झाक गं ती पेटी, मला चूल पेटवायचीय." लुयांदो म्हणाली, "चुलीचा काय संबंध?" काहीच नव्हता.

नदीच्या वळणावर मोठं वारूळ आहे ना, त्यावर कागद लावून पहिली गोळी झाडली. म्हातारा सियांक्वेदे शिकवायला होता. बाबांबरोबर माग काढायचा तोच, अजून तसाच वाकडा चालतो. आवाज असा झाला की माझी भोपळ्याची चिलीम हातातून पडली आणि शेळ्या चारी दिशांना पळाल्या. सियांक्वेदे म्हणतो, "तरसे, तुझ्या कुळातले सगळे पळाले बघ." मी म्हटलं, "पळाल्या त्या शेळ्या, शेळीच्या पोरा, तुझ्याच आत्या-मावश्या त्या." त्याचं कूळ शेळीचं, माझं तरसाचं, चिडवायचा हक्क दोघांनाही आहे आणि दोघांनीही तो कधी वाया घालवला नाही. तुझ्या बाबांना पुरतानाही तो मला चिडवत होता. त्या दिवशी तेवढंच बरं वाटलं होतं.

पण बंदुकीचा दस्ता लांब आहे रे. कुणा दांडग्या माणसासाठी घडवलेला. खांद्याला लावायला जावं तर काखेत अडकतो. पोर तो सोडवेपर्यंत रानरेडा काही उभा राहून वाट बघणार नाही. धक्का खांद्याच्या खळग्यात बसायचा तो दंडावर बसतो, दंड वांग्यासारखा झालाय. सियांक्वेदे करवत घेऊनच आला होता. लुयांदोने हात लावू दिला नाही. म्हणाली, "आजोबांच्या बंदुकीचा दस्ता बाबांनी बसवला होता. माझाही तेच बसवतील."

तिथे डर्बनला तू दस्तेच घडवतोस म्हणे. तर ये. बसवून दे, हवं तर जेवायलाही थांबू नकोस. बंदुकीचं नाव-गाव तिने वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय. कोपराच्या खोबणीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत माप घेतात ना, तू मला सांगितलं होतंस. तिचा हात आता

थांब, शेळी टोपलीचं गवत खातेय.

आले. काय सांगत होते? हां, चिंच. या वर्षी चिंच इतकी आलीय की रोज आंबट पेजच होते. तुला आवडते म्हणून मी दोन पिशव्या वाळवून ठेवल्यात. ये.

तुझी आई,
बीना चोल्वे

लुसुलु, मे, गुरुवार असावा

चोल्वे,

तुझं उत्तर नाही. न्काला म्हणतो, "दिला मी कागद, त्याने खिशात घातला." खिशात म्हणजे वरच्या की मागच्या, हे मी त्याला विचारलं. त्याला आठवत नाही. इतका बोलतो आणि कामाचं एक बघत नाही.

इकडे बंदुकीची दुसरी खोड निघाली. पहिलं काडतूस नीट जातं, दुसरं नळीच्या मागच्या तोंडाशी डोकं आपटून अडतं. रानरेडा समोर असताना दुसरं काडतूस अडलं तर पुढचं मी लिहीत नाही. सियांक्वेदेने बारीक पॉलिशपेपर काडीला गुंडाळून तिथली कडा घासायला घेतली. थोडं घासायचं, खोटी काडतुसं भरायची, ती आत ढकलणारी खिटी मागे-पुढे, पुन्हा घासायचं. मी टोपली विणत बसायचे आणि शेजारी खट-खटाक, खट-खटाक. कोंबड्यांना आता त्याची इतकी सवय झालीय की ते बंद झालं की त्या घाबरतात. आता काडतुसं कशी जातात म्हणून सांगू, पेज घशाखाली जावी तशी. मी स्वतः ओढून बघितली खिटी. सियांक्वेदे म्हणाला, "तुझ्या हाती बंदूक बघून मी आजच गाव सोडतो." मी म्हटलं, "सोड, निदान माझी तंबाखू वाचेल."

मुनसांजे येऊन गेला. नाव बघून कागद खाली ठेवू नकोस.

तो नवी बंदूक बघायला आला होता. लांबूनच बघितली. तुझ्या बाबांची बंदूक अजून पोलीस ठाण्यात आहे, गळ्यात चिठ्ठी बांधलेली. त्याला परवाना मिळालाच नाही. मामाचं ते भाच्याचं, बापाचं मुलाला नाही, ही आपल्यातली रीत, ती ना मी घातली ना माझ्या आजीने. बाबा गेल्यावर मोठी माणसं बसली आणि त्यांनी बंदूक भाच्याच्या, मुनसांजेच्या, हाती ठेवली. पण बाबांच्या पावलांवर पाऊल ठेवत वाढलास तू, आणि बंदूक गेली ज्याला ससा दिसला तरी शिंका येतात त्याच्याकडे. तू त्याच आठवड्यात गेलास. लुयांदो फाटकापर्यंत तुझ्या मागे आली होती, हातात तू करून दिलेली लाकडाची बंदूक घेऊन. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

आणि ज्या बंदुकीपायी हे सगळं झालं ती तिथे कोपऱ्यात गंजतेय. तुझ्या कामी आली नाही, त्याच्याही नाही. मी कधी दवाखान्यात गेले की ठाण्यावरून जाते, तर त्या भिंतीकडे बघते.

लुयांदो अजून दस्ता कापू देत नाही. दंड हिरवा झालाय, म्हणजे बरा होतोय.

आई

लुसुलु, जुलै, थंडी

चोल्वे, बाळा,

गाठोडं पोचलं!

न्कालाने गाडी थेट अंगणात घातली, माझा भोपळ्याचा वेल चिरडला, आणि मी त्याला शिव्या द्यायच्या आधी चादरीत गुंडाळलेलं ते त्याने माझ्या हातात ठेवलं. मला वाटलं साखर असेल. सोडलं तर दस्ता! अख्खा नवा, मुक्वाच्या लाकडाचा, मधासारखा रंग, आणि शिरा अशा की नदीचं पाणी वळणावर वळावं. मी चादर झटकली, उलटी केली, गाडीत डोकं घालून बघितलं. चिठ्ठी नव्हती. असू दे. तू लहानपणीही तोंडाने कमी बोलायचास.

लुयांदो कॅम्पवरून पळत आली. सियांक्वेदेने दिव्याची काजळी लोखंडाला फासली आणि ते दस्त्यात बसवून बघितलं, जिथे घासतं तिथे काळं उठतं म्हणून. नखाएवढा डाग उठला, बास. म्हाताऱ्याने तो डाग अंगठ्याने पुसला. मग म्हणाला, "मी इतकी वर्षं बंदुका बघतोय, लाकडाने लोखंडाला असं धरलेलं नाही बघितलं." आणि त्याने मला चिडवलंही नाही, यावरून तू समज.

मग लुयांदोने बंदूक खांद्याला लावली.

चोल्वे, दस्ता आखूड आहे.

थोडा नाही. तिचा अंगठा नाकाला टेकला, बंदुकीवरची दुर्बीण डोळ्यात घुसायला लागली. तिने मान मागे घेतली, कोपर वर केलं, खाली केलं. लहान मुलाचा सदरा मोठ्या माणसाने घालावा तसं दिसत होतं. न्काला तिथेच उभा होता. म्हणाला, "मी विचारलं होतं त्याला, माप कुठून घेतलंस? तर म्हणाला, मी निघालो तेव्हा ती माझ्या छातीशी यायची, त्यात चार बोटं वाढवलीत."

मग लुयांदो हसली. "आजी, चार बोटं वाढवूनही बाबांना वाटतं मी चौदाचीच आहे." आणि बराच वेळ कणगीच्या मागे जाऊन उभी राहिली. तिकडे काही काम नव्हतं तिचं.

ती आता तुझ्यापेक्षा उंच आहे रे. दारातून वाकून येते. तुझ्या बाबांचा बांधा आहे, लांब हात, लांब मान. आणि मी तुला केवढं मोठं पत्र लिहिलं! शेळी लिहिली, चिंच लिहिली, चिलीम पडली तेही लिहिलं. नेमकं माप लिहिलं नाही. सुरुवात केली होती, मला आठवतंय, आणि मग उठून गेले. तू तिथे संध्याकाळी त्या लाकडावर बसला असशील, आठवून आठवून एकेक बोट वाढवत, आणि इथे टोपलीत दोरीचे शंभर तुकडे पडले होते. एक तुकडा पाकिटात घालायचा होता.

आई

लुसुलु, ऑगस्ट

चोल्वे,

लुयांदोच्या भुवईला डास चावला असं मी तुला फोनवर सांगायचं ठरवलं होतं, पण तू फोन उचलला नाहीस, तर आता खरंच लिहिते. तिने तुझ्या आखूड दस्त्याने गोळी झाडली. सियांक्वेदे "नको" म्हणत होता, मी "नको" म्हणत होते, ती म्हणाली, "बाबांनी पाठवलाय, एकदा तरी झाडणार." बंदूक मागे आली आणि दुर्बिणीच्या कडेने भुवई फोडली. टाके पडले. रक्त डोळ्यात जात होतं आणि ही बाई कागद बघायला वारुळाकडे निघालेली! गोळी मधोमध होती. म्हणून तर आणखी वाईट वाटतं.

सियांक्वेदे म्हणाला, "आता ऐक माझं. जुना दस्ता लांब आहे, तो कापतो, संपलं." लुयांदो म्हणाली, "नाही." तो म्हणाला, "मग परीक्षा कशाने देणार, टोपलीने?" ती म्हणाली, "कापता येतं तर वाढवताही येत असेल." म्हाताऱ्याने करवत खाली ठेवली. येतं म्हणाला. मागच्या टोकाला लाकडाचा ठोकळा जोडायचा, त्यावर रबराची गादी. पण लाकूड असं हवं की त्या धक्क्याने कधीच चिरणार नाही, काळं, जुनं, मुरलेलं.

असं लाकूड आपल्या सगळ्यांच्या माहितीत एकच होतं. तुझ्या बाबांचं स्टूल. आणि तेही मुनसांजेकडेच गेलेलं.

मी गेले त्याच्याकडे. लांबून सुरुवात केली, पाऊस, गुरं, त्याच्या बायकोचे गुडघे. तो म्हणाला, "मामी, तुम्ही इतकं चालत आलात ते माझ्या बायकोच्या गुडघ्यांसाठी नाही." मग सांगितलं. तो त्याच स्टुलावर बसला होता. उठला. उलटं करून बघितलं, हात फिरवला. म्हणाला, "बंदूक मला पेलली नाही. मी मागितलीही नव्हती, पण चोल्वेला ते सांगायला गेलो तोवर त्याची बस गेली होती. हे मात्र मला आवडतं. रोज बसतो यावर." मला वाटलं, नाही म्हणतोय. त्याने आतून करवत आणली आणि म्हणाला, "कुठून कापू?"

त्यानेच कापलं. त्याला शिंका येत होत्या, भुशाने. आता तो दगडावर बसतो आणि बायको त्याला हसते.

ठोकळा बसला. मधाच्या रंगाचा दस्ता आणि टोकाला तो काळा पट्टा, दोन बोटं जाडीचा. जोड नखाला लागतो अजून, सियांक्वेदेचे हात आता थरथरतात. तुझे असते तर लागला नसता. लुयांदोने बंदूक वर घेतली आणि ती गेली सरळ खांद्यावर, जशी काही तिथेच राहते. ती म्हणाली, "अरे!" एवढंच. बाबाही असंच म्हणायचे, आठवतं?

मी त्या पट्ट्यावर दोन बोटं ठेवून बघितली. एवढी ती वाढली, आणि तू बघितली नाहीस. मी रोज बघत होते, मला कळलंही नाही. तुला सांगायला हवं होतं, दर वर्षी, एकेक दोरी पाठवून.

आई

लुसुलु, ऑक्टोबर, ऊन ऊन ऊन

चोल्वे,

पास!!

आधी हेच लिहिलं, म्हणजे शेळी आली तरी राहून जायला नको.

मला रानात जाऊ दिलं नाही, पण सियांक्वेदे माग काढायला होता, त्याने तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा रेडा मोठा होत गेला. रेडा म्हणजे पुठ्ठ्याचा, चाकांवर. परीक्षक तो उतारावरून सोडून देतात, न सांगता, तुम्ही पाणी पीत असताना. बंदूक खांद्यावर टांगलेली. लुयांदोने बाटली टाकली, बंदूक आली खांद्याला, एक गोळी, खट-खटाक, दुसरी, खट-खटाक, तिसरी. काडतूस कुठे अडलं नाही. रेडा तिच्या पायांशी येऊन पडला, कपाळात एक आणि छातीत दोन. सियांक्वेदे म्हणतो तो रडला नाही, डोळ्यात धूळ गेली. मी म्हटलं, "शेळीच्या पोरा, पुठ्ठ्याच्या रेड्याला बघून रडलास तर खऱ्याला बघून काय करशील?" तो म्हणाला, "तरसे, आज तू काही बोल, मला लागणार नाही."

नंतर मुख्य परीक्षकाने बंदूक हातात घेऊन फिरवून बघितली. दस्त्यावर अंगठा फिरवला, त्या काळ्या पट्ट्याशी थांबला. विचारलं, "दस्ता उत्तम आहे. मग हा जोड का?"

तिने सांगितलं, "मी वाढले, सर."

घरी आली तेव्हा मुनसांजे कोंबडी घेऊन आला होता. सगळे जेवलो. वाळवलेल्या चिंचेची एक पिशवी फोडली. दुसरी तशीच आहे. लुयांदोने जेवताना दोनदा दाराकडे बघितलं. तुझ्या बाजूची बस रात्री येते, तिचा आवाज आला की ती अजून बोलायची थांबते. आता पुरती शिकारी झाली तरी.

पाकिटात दोन दोऱ्या घातल्यात. आधी दोऱ्या घातल्या, मग लिहायला बसले, या वेळी शहाणी झाले.

गाठ मारलेली दोरी लुयांदोची आहे. कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत. जोड नखाला लागतो तो तुला नीट करायचा असेल तर ही लागेल. आता ती काही वाढणार नाही, त्यामुळे तिची घाई नाही.

बिनगाठीची माझी आहे. जमिनीपासून मनगटापर्यंत. मला काठी लागायला लागलीय रे, तू घडवून दे, मुक्वाचीच दे. पण एक लक्षात ठेव. मागच्या थंडीत मापलं होतं तेव्हा दोरी यापेक्षा लांब होती. मी दर वर्षी थोडी थोडी आखूड होतेय. तिथे बसून आठवणीने घडवलीस तर काठी मला लांब पडेल. ही दोरीसुद्धा फार दिवस चालायची नाही.

तेव्हा दोरी ठेव, पण माप इथे येऊन घे.

तुझी आई,
बीना चोल्वे